देव आणि विज्ञान: आमच्या मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कुणी पुस्तक वाचून काढलेले नाहीत. स्टाफरूममध्ये, एकादशीच्या भजनानंतर, बोअरची गाडी रानात उभी असताना विचारले गेलेले आहेत. उत्तरं देणारा हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि गळ्यात तुळशीची माळ घालतो. त्यामुळे दोन्हीकडची मंडळी त्याच्यावर थोडी थोडी नाराज असतात.

सर, विज्ञान शिकवता अन् वारीलाबी जाता. हे जमतं कसं?

जमतं, पण आपोआप जमत नाही. १९७९ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं: शेल्डन ग्लॅशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग. त्यातले सलाम पक्के श्रद्धावान मुसलमान आणि वाइनबर्ग उघड नास्तिक. विद्युतचुंबकीय बल आणि अणुगर्भातलं दुर्बल बल मुळात एकच, हे या दोघांनी आपापल्या जागी बसून मांडलं आणि दोघांचं गणित जुळलं. म्हणजे समीकरण मांडणाऱ्याच्या घरी देव्हारा आहे की नाही, याच्याशी समीकरणाला घेणंदेणं नसतं.

पण एवढ्यावरून ‘देवाचा आणि विज्ञानाचा झगडाच नाही’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांतला मी नाही. झगडा आहे आणि तो बांधाचा आहे. जगात काय घडतं, कशामुळे घडतं, उद्या काय घडेल, हे विज्ञानाचं रान. घडलेलं सोसायचं कसं, कुणापुढे नमायचं, सुखाच्या दिवशी उपकार कुणाचे मानायचे, हे श्रद्धेचं. दोघं आपापल्या रानात असली तर तंटा नसतो. तंटा होतो बांध कोरल्यावर, आणि आमच्याकडे तो बहुतेक वेळा देवाच्या नावाने कोरला जातो. कधीकधी विज्ञानवालेही कोरतात; ‘मेंदूतली रसायनं कळली, आता भक्तीत उरलं काय’ म्हणणारे भेटतातच.

किल्लारीचा भूकंप देवाचा कोप होता म्हणतात. खरं काय?

कोप नव्हता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. त्यामुळे विसर्जन आणि भूकंप यांचा संबंध कुणी जोडला तर नवल नाही, माणसाचं मन तसंच जोडत जातं. जमिनीखालच्या खडकाला मात्र तिथी ठाऊक नसते. भारताचा भूखंड वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला रेटतो. त्या रेट्याने हिमालय वर उचलला जातो आणि तोच ताण मागे, दख्खनच्या जुन्या टणक खडकातही साठत राहतो. तिथली एखादी पुरातन भेग फार काळाने एकदा सरकते. किल्लारीला ती सरकली. भूकंप सुमारे ६.२ क्षमतेचा आणि उथळ. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, त्याच भागात लहान लहान धक्के जाणवले होते.

विज्ञानाचाही अंदाज चुकला होता, हे झाकायचं कारण नाही. तेव्हाच्या भूकंप नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेली होती. पुढे २००२ च्या नकाशातून तो पहिला पट्टाच काढून टाकला आणि हा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. चुकल्यावर नकाशा बदलता येतो, तसा कोप बदलता येत नाही. कोपाचा नकाशाच नसतो.

आता माणसं मेली कशाने ते बघा. सुमारे दहा हजार जीव गेले, त्यातले बहुतेक स्वतःच्याच घराखाली. दगड आणि चिखलमातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा थरावर थर घातलेलं माळवद. लातूरच्या उन्हाळ्यात असलं घर गार राहतं, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या बांधलं गेलं. पण भिंतीचा आतला दगड बाहेरच्या दगडाशी बांधलेला नव्हता. जमीन हलली तशी भिंत मधूनच फुगली, फुटली आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. हलक्या छपराची झोपडी बऱ्याच ठिकाणी तगली. कोप म्हणावा तर तो मालदारावर झाला आणि गरिबाला चुकला, असा भलताच हिशेब मांडावा लागेल.

कोपाच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. कोप म्हटला की पाप आलं, आणि पाप म्हटलं की पापी कोण ते ठरवणं आलं. पाळण्यातल्या लेकराच्या नावावर ते पाप कोण घालणार? बावन्न गावं उठून नव्या जागी वसली, तेव्हा दारं-खिडक्यांच्या वरून घरभर काँक्रीटचा पट्टा फिरवायला शिकवलं गेलं. तो पट्टा जिथं आहे तिथं पुढच्या वेळी माणूस बाहेर पळेल. आपल्याकडे नवीन घराची वास्तुशांत करायला कुणी विसरत नाही. पट्ट्याची सळई मात्र गवंड्याच्या भरवशावर सोडतात, यावर मी दरवर्षी वर्गात चिडतो.

बरं, कोप नव्हता. मग दयाळू देवानं ते होऊ का दिलं?

याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे ते तयार असतं त्याच्याजवळ मी फार वेळ बसत नाही.

गेल्या जन्मीचं कर्म, हे उत्तर मी घेत नाही. ते तपासता येत नाही आणि रडणाऱ्याला आणखी रडवतं. निसर्गाचे नियम सगळ्यांना सारखे, ज्या लाव्ह्याने पृथ्वी फाडली त्याचीच झिजून आपली काळी कसदार माती झाली, हे दुसरं उत्तर खरं आहे. दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण लेकरू गेलेल्या आईला मातीचा कस सांगून काय होतं? श्रद्धा ठेवणाऱ्याने हा प्रश्न उघडाच ठेवावा. नास्तिकाने तो विचारला तर रागावू नये. तो आपलाच प्रश्न विचारतोय.

पाणाडी तळहातावर नारळ घेऊन पाणी दाखवतो. नारळ उभा राहिलेला मी माझ्या डोळ्यानं बघितलाय!

मीही बघितलाय. नारळ उभा राहतो याबद्दल वाद नाही. कशाने उभा राहतो, एवढंच बघायचं.

पुढच्या वेळी नारळाकडे बघू नका, मनगटाकडे बघा. तळहात सपाट, नारळ आडवा, शेंडी बोटांकडे. पाणाडी अनवाणी, हळूहळू काकरातून चालतोय. चार-पाच माणसं मागे श्वास धरून. नारळ आधीच गोल, आत पाणी डचमळतंय, ढेकळात पाय वरखाली होतोय. मनगट जरासं कलतं, करंगळीकडची कड दाबली जाते आणि आडवा नारळ उठतो. पाणाडी लबाडच असतो असं नाही. त्यालाही खरंच वाटतं की नारळ आपोआप उठला. मनात अपेक्षा धरली की स्नायू आपल्या नकळत हलतात, हे एकोणिसाव्या शतकातच प्रयोगांनी दाखवलं गेलंय. खात्री करायची सोपी रीत सांगतो. त्याच रानात, त्याच पाणाड्याला, डोळ्यांवर पट्टी बांधून दुसऱ्यांदा चालवा आणि दोन्ही खुणा एका जागी पडतात का बघा. पाणाडी सहसा तयार होत नाही. ‘देवाची परीक्षा घ्यायची नसते’ म्हणतो. पण ही परीक्षा देवाची कुठेय? ती मनगटाची आहे.

मग त्याचं कधी कधी बरोबर कसं येतं? आपल्या पायाखाली वरून खाली असा क्रम असतो: काळी माती, मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे बारीक पोकळ्यांचा मऊसर खडक, मग काळा पाषाण, मधेच लाल गेरूचा पट्टा, परत मांजऱ्या. पाणी मुरतं ते झिजलेल्या मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. पाऊसकाळ बरा झाला असेल तर वरच्या थरात बऱ्याच ठिकाणी पाणी असतं, नारळ कुठंही उठला तरी लागतं. खाली गेलं की भेगा विरळ होतात आणि सगळा नशिबाचा खेळ होतो. पाणी लागलं की पाणाड्याचं नाव पंचक्रोशीत होतं. नुसता फुफाटा उडाला की ‘विटाळ झाला’, ‘शेजाऱ्यानं शीर ओढली’ ही कारणं निघतात. फेल गेलेल्या बोअरांची यादी कुठल्याच पारावर ठेवत नाहीत.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे भूवैज्ञानिक जमिनीत वीज सोडून खडकाचा रोध मोजतात. त्यांचंही दर वेळी बरोबर येत नाही. पण ते चुकले तर का चुकले हे विचारता येतं, आणि ‘इथं लावू नका’ हे ते बऱ्यापैकी खात्रीने सांगतात, जे नारळ कधीच सांगत नाही. गाडीवाल्याचंही ऐकू नका. ‘ओल यायलीय, अजून शंभर फूट मारू’ असं तो म्हणणारच, त्याचा हिशेब फुटावर असतो.

गाडी लावण्याआधी नारळ फोडावा का? खुशाल फोडा, खोबरं वाटा. नारळ फोडायला माझी हरकत नाही, नारळाला विचारायला आहे.

पावसासाठी आम्ही धोंडी काढतो, महादेव पाण्यात ठेवतो. सरकार विमानानं पाऊस पाडतं. दोन्हीत फरक काय?

चिमटा चांगला काढलाय. २०१५ ला आणि परत २०१९ ला औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, विमानं उडाली आणि ढगांत क्षारांचे कण सोडले गेले. त्याने ढग तयार होत नाही. असलेल्या ढगातल्या बाष्पाला थेंब धरायला आधार मिळतो. आभाळ निरभ्र असेल तर विमानही निरुपयोगी. शिवाय पाऊस पडलाच, तर तो फवारल्यामुळे पडला की तसाही पडणार होता, हे त्या एका ढगावरून कळत नाही. म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सोलापूर भागात प्रयोग केले तेव्हा काही ढग फवारले आणि काही मुद्दाम तसेच सोडले, तुलनेसाठी. फरक इथं आहे. धोंडी काढलेली गावं आणि न काढलेली गावं यांच्या पावसाची तुलना करा म्हटलं तर कुणाला आवडणार नाही.

आपल्याला पाऊस कमी, याचं कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प कोकणात आणि घाटमाथ्यावर रिकामं होतं आणि आपण पर्जन्यछायेत राहतो. महादेवाचा गाभारा भरून ढगाचा रस्ता बदलत नाही. धोंडीत अंगाला लिंबाचा पाला बांधलेलं पोर दारोदार फिरतं, बाया तांब्याने त्याच्यावर पाणी ओततात, मग घरोघरचं पीठकूट गोळा होऊन सगळ्यांचं जेवण होतं. दुष्काळात गाव एकत्र बसवायला हे वाईट नाही. मात्र बेडकाला काठीला बांधू नका. त्याचा काय दोष?

आणि एक गोष्ट देवावरही ढकलू नका, ढगावरही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ७००-८०० मिलिमीटर पावसाच्या मुलखात इतका ऊस लावायला आपल्याला ना महादेवाने सांगितलं होतं ना हवामान खात्याने.

साप चावलेल्याला नागोबाच्या देवळात नेलं अन् तो वाचला. हे कसं?

बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष टोचतोच असं नाही. त्या सगळ्यांना देवळात नेलं तरी वाचतात आणि एसटी स्टँडवर नेलं तरी वाचतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अंगात गेलं असेल तर उपाय एकच: प्रतिसर्पविष, तेही लवकर. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही, आणि पहाटेपर्यंत पापण्या मिटायला लागतात. ‘गुंगी आली, देव अंगात आला’ असं म्हणून तेवढा वेळ घालवला की माणूस हातचा जातो.

विंचवाचं उदाहरण मी मुलांना जास्त सांगतो, कारण ते आपल्या माणसाचं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. कोकणात महाडजवळ सरकारी दवाखान्यात असताना लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं त्यांच्यासमोर फेसाळ थुंकी टाकत मरत होती. मांत्रिक म्हणायचा ‘उतरला नाही’, दवाखाना म्हणायचा ‘उपाय नाही’. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवला. विषाने शरीरातल्या नसा भडकतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरतं, हे ओळखलं. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं औषध त्यावर चालतं, हे दाखवून दिलं. मृत्यू एकदम खाली आले. १९८२ पासून त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०२२ ला पद्मश्री मिळाली. मंत्राने विंचू उतरत असता, तर हजार वर्षांत कुणीतरी तशी वही ठेवली असती.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार दंड. ‘हा कायदा पूजापाठाच्या विरुद्ध आहे’ असं कुणी सांगितलं तर कायदा वाचायला सांगा. वारी, कीर्तन, हरिपाठ, प्रदक्षिणा यांना तो हात लावत नाही. गाडीत बसताना देवाचं नाव घ्या, फक्त गाडी दवाखान्याकडे जाऊ द्या.

ग्रहण पाळावं का? सूनबाई पोटुशी आहे.

सूनबाईला जेवू द्या, पाणी पिऊ द्या, भाजी चिरू द्या. लेकराचा ओठ फाटतो तो सुरी धरल्याने नाही. त्यामागे आनुवंशिकता असते, काही औषधं असतात, आईच्या अंगात फोलिक ॲसिड कमी असणं असतं. दिवसभर उपाशी, तहानलेलं ठेवल्याने मात्र पोटुशा बाईला खरंच त्रास होतो. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही, हे ग्रहणाच्या दिवशीही खरं आणि इतर दिवशीही. २५ ऑक्टोबर २०२२ ला लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्येच सूर्यग्रहण आलं तेव्हा आमच्या मुलांनी ते चाळणीच्या भोकांतून भिंतीवर पाडून पाहिलं. भिंतीवर शंभर कोरी. घरी गेल्यावर काहींना आजीने आंघोळ घातली. घालू दे, आंघोळीने काही बिघडत नाही.

याच विषयावर आपल्या भास्कराचार्यांनी एक समेट करून ठेवलाय, तो मजेशीर आहे. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली, हे गणितासकट आहे. मग पुराणातल्या राहूचं काय करायचं? भास्कराचार्य म्हणतात, राहू वरदानाच्या बळावर त्या सावलीत शिरतो आणि चंद्राला झाकतो. म्हणजे शास्त्रही खरं आणि आगमही खरे. समेट देखणा आहे. पण त्यातून राहू काढून घेतला तरी ग्रहणाची वेळ एका पळानेही हलत नाही. हेच भास्कराचार्य दुसऱ्या ठिकाणी मुळीच ऐकून घेत नाहीत. पृथ्वीला कुणीतरी धरलंय म्हणता, तर त्या धरणाऱ्याला कुणी धरलंय, असं ते विचारतात. मला हे दुसरे भास्कराचार्य जास्त आवडतात.

पण आपल्या ग्रंथांत सगळं विज्ञान आधीच लिहिलेलं आहे ना?

नाही. आणि तसं नसल्याने ग्रंथांचं काही कमी होत नाही.

ज्ञानेश्वर माउली आपल्या आपेगावची. चौथ्या अध्यायात ‘न चालतां सूर्याचें चालणें’ असे शब्द येतात. ते दाखवून ‘कोपर्निकसच्या आधी अडीचशे वर्षं’ असं सांगणारे संदेश दर आषाढीला फोनवर फिरतात. पूर्ण ओवी वाचा. विषय कर्माचा आहे: सगळी कामं करत असूनही जो मनाने कर्ता होत नाही, त्याची स्थिती समजावताना सूर्याचा दृष्टान्त आलाय. ओवीचं सोनं त्या कर्मविचारात आहे. तिला खगोलाच्या पेपरात पास करायला बसवणं म्हणजे माउलीला आपल्या गावच्या सरांकडून सर्टिफिकेट घ्यायला लावणं.

तसंच ब्रह्मदेवाच्या दिवसाचं. कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, ‘बघा जुळलं’ म्हणतात. पृथ्वीचं वय उल्कांतल्या आणि खडकांतल्या शिशाचं प्रमाण मोजून काढलंय. कल्प कलियुगाच्या ४,३२,००० वर्षांना दहा हजाराने गुणून येतो. दोन आकडे जवळ आले एवढंच. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं. ते कशाशीच जुळत नाही, म्हणून त्याचा संदेश कुणी फिरवत नाही.

महास्फोटाच्या आधी काय होतं? तिथं तर देव मानावाच लागेल?

महास्फोटाची कल्पना पहिल्यांदा मांडणाऱ्यांत जॉर्ज लमेत्र होते, बेल्जियमचे कॅथलिक पाद्री आणि पक्के गणिती. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात या सिद्धान्ताचा आधार सृष्टीच्या निर्मितीच्या श्रद्धेला जोडला, तेव्हा लमेत्रना ते रुचलं नाही. आपला सिद्धान्त भौतिकशास्त्राचा आहे, तो मोडूही शकतो, त्यावर धर्माने घर बांधू नये, असं त्यांचं मत होतं. एका पाद्र्याने हे म्हणावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

जिथं विज्ञानाला अजून उत्तर नाही तिथं देव बसवला, तर उत्तर मिळालं की देवाला उठावं लागतं. न्यूटनने ग्रहांच्या कक्षा नीट राहायला देवाची अधूनमधून मदत लागते असं मानलं होतं. पुढच्या गणितज्ञांनी ती जागा भरून टाकली. वारकऱ्याला तर हा मार्ग घ्यायची गरजच नाही. औंढ्या नागनाथाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेव रागावले तर म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना अशी जागा सापडली नाही. ही कथा ज्याच्या अंगात मुरली, तो देवाला महास्फोटाच्या अलीकडच्या का पलीकडच्या कोपऱ्यात शोधत बसणार नाही. महास्फोटाच्या ‘आधी’ काय, हे मात्र भौतिकशास्त्रज्ञांना विचारा. त्यांच्यात एकमत नाही, आणि ‘आधी’ला तिथं काही अर्थ उरतो का इथूनच त्यांचा वाद सुरू होतो.

दशावतार म्हणजेच उत्क्रांती ना? मासा, कासव, वराह...

दिसायला सुरेख जुळतं. पण उत्क्रांती ही एका ओळीत उभ्या असलेल्या जिन्यासारखी नाही, ती फुटत जाणारी आहे. मासा अजूनही मासा म्हणून सुखाने जगतोय. माकडाचा माणूस झाला नाही, दोघांचा पूर्वज एक. आणि परशुरामापासून कृष्णापर्यंतची सगळी मंडळी जीवशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची, माणसाची. अवतारांची गोष्ट संकटात धावून येणाऱ्याची आहे. तिला शरीररचनेचं काम लावू नये.

प्रार्थनेनं गुण येतो का?

कुणासाठी, हे बघावं लागेल. अमेरिकेत हृदयाची बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २००६ मध्ये छापून आला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. फरक पडला नाही. उलट ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे’ असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच दिसली. कदाचित ‘इतकं वाईट आहे का माझं?’ असं वाटलं असेल.

म्हणजे लांबून प्रार्थना करून दुसऱ्याची रक्तवाहिनी मोकळी होत नाही. पण आयसीयूच्या बाहेर, फरशीवर, पदर डोक्यावर घेऊन हरिपाठ म्हणणाऱ्या बाईला या अभ्यासाचं काय? ती रक्तवाहिनीसाठी म्हणत असेल, तरी ती रात्र तिला त्याच पाठाने काढता येते. तिला मधेच अडवून १,८०२ चा आकडा सांगणारा माणूस विज्ञाननिष्ठ नाही, आगाऊ आहे.

नवस?

देवाशी सौदा. फेडला तर फेडा, कर्ज काढून नको. बोकडाचा तर नकोच.

पत्रिका तर शास्त्र आहे?

जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात याची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि वेगळ्या करायला सांगितल्या. प्रत्येकाला चाळीस. सत्तावीस जणांनी उत्तरं परत पाठवली. त्यांची सरासरी वीसच्याही खाली आली, म्हणजे नाणं उडवून जेवढी आली असती त्याहून कमी. लग्न जमवताना पत्रिका बघायचीच असेल तर सोबत रक्तगट आणि सिकलसेल, थॅलेसेमियाची तपासणीही बघा. नात्यात लग्नं करणाऱ्यांनी तर नक्कीच.

पोरगं पुण्याला इंजिनिअरिंग शिकून आलं अन् आता आरतीला उभं राहीना. काय करावं?

काहीच करू नये. घटनेच्या २५ व्या कलमाने जसा तुम्हाला देव मानायचा हक्क आहे तसा त्याला न मानायचा. आणि ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून १९७६ पासून लिहिलेलंच आहे. तो खोटं खोटं टाळ्या वाजवत नाही, हे चांगलं लक्षण समजा.

त्यालाही माझं सांगणं आहे. आजीच्या देव्हाऱ्यापुढे उभं राहून भाषण देऊ नकोस. तुला जिंकायचंच असेल तर बोअर, साप, पोटुशी बहीण, हुंडा, या जागी जिंक. तिथं आजी तुझं ऐकेल, कारण तिथं जिवाचा प्रश्न आहे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात पांडवांची पूजा करायला मात्र ये. आंबील आणि भज्जीवर उत्क्रांतीचा आक्षेप नाही.

शेवटचं सर. दहावीच्या पेपरात उत्क्रांतीवर प्रश्न आला अन् मला ते पटत नसेल, तर काय लिहू?

विज्ञान भाग दोनमधला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे, प्रश्न येणारच. पुराव्यासकट जे आहे ते लिही: जीवाश्म, अवशेषांगं, जोडणारे दुवे. वाटाण्याच्या प्रयोगांतून आनुवंशिकता उलगडणारा मेंडेल हा मठात राहणारा धर्मगुरू होता, हे जाता जाता लक्षात ठेव. पटत नसेल तर का पटत नाही ते मधल्या सुट्टीत येऊन विचार, पुरावा घेऊन ये. पेपर मात्र वेळेत सोडव आणि आकृतीला नावं दे. दरवर्षी अर्धे गुण तिथंच जातात.